परके प्राणी आणि आपला कायदा

पुण्यामुंबईच्या एखाद्या बिऱ्हाडाच्या सज्जात दोन पिंजरे शेजारी शेजारी टांगलेले आहेत, अशी कल्पना करावी. एकात आपला नेहमीचा हिरवा, गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला राघू, जो आजीच्या हातची मिरची खाऊन ‘विठू विठू’ म्हणतो. आणि दुसऱ्यात आफ्रिकेच्या अरण्यप्रदेशातला, तांबड्या शेपटीचा करडा पोपट, जो माणसाच्या आवाजाची इतकी हुबेहूब नक्कल करतो की पाहुणा दचकून मागे वळून पाहतो. दहा वर्षांपूर्वी एखादा कर्तव्यदक्ष वनाधिकारी या घरात शिरला असता, तर त्याने पहिला पिंजरा जप्त करून घरधन्यावर गुन्हा नोंदवला असता, आणि दुसऱ्या पिंजऱ्यासमोर क्षणभर उभे राहून, पक्ष्याच्या बोलण्याचे कौतुक करून, जिना उतरून तो निघून गेला असता. ज्या पक्ष्याला गावोगावच्या चिंचेच्या झाडांवर थव्यांनी पाहता येते त्याला कायद्याचे संरक्षण. आणि ज्याची संख्या त्याच्या मायभूमीत पारध्यांच्या जाळ्यांमुळे झपाट्याने घटत चालली आहे त्याच्याविषयी संपूर्ण मौन! हा विपर्यास कोणा एका अधिकाऱ्याच्या अज्ञानातून उद्भवलेला नव्हता, तो कायद्याच्या मूळ घडणीतच होता.

ही घडण समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. प्राणी बाळगणे ही आपल्याकडे शतकानुशतके राजेरजवाड्यांच्या ऐश्वर्याची खूण मानली गेली, आणि तिला निर्बंध घालण्याची गोष्ट कोणाच्या मनातही आली नाही. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता आणि त्यातला सिंह व गेंडा पाहायला इंग्रज वकिलातीतली मंडळी कुतूहलाने जात असत. कोल्हापूरच्या दरबारात शिकारीसाठी चित्ते पाळले जात, त्यांचे चित्तेवान असत, आणि हिंदुस्थानातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून मागवले गेले. ते का मिळेनासे झाले, याचा एक धागा जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तात सापडतो. आपल्या पित्याने, म्हणजे अकबराने, हजार चित्ते जमवले होते आणि त्यांची बंदिवासात वीण व्हावी अशी त्याची फार इच्छा होती, परंतु ती सफल झाली नाही, असे त्याने नमूद केले आहे. एका मादीला पिल्ले झाली तो प्रसंग त्याने नवल म्हणून लिहून ठेवला. याचा अर्थ असा की बादशाही चित्तेखान्यातला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणलेला होता, आणि जो मरे त्याच्या जागी दुसरा रानातूनच येई. चित्त्याच्या नाशाला केवळ हा छंद कारणीभूत झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शेतीने व्यापलेली माळराने आणि बंदुका यांचा वाटा त्यात मोठा होता. परंतु १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे सरकारी रीतीने मान्य करण्यात आले, तेव्हा या हिशेबातली एक रक्कम शौकाच्या खात्यावर पडत होती, हे नाकारता येत नाही.

इंग्रजी अमदानीत १८८७ आणि १९१२ साली पशुपक्ष्यांविषयी जे कायदे झाले त्यांचे स्वरूप शिकारीचा हंगाम ठरवण्यापुरते मर्यादित होते. खरा पालट झाला तो १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने. वाघाबिबट्यांच्या कातड्यांचा व्यापार भरास आलेला, अरण्ये ओसाड होत चाललेली, अशा काळात हा कायदा जन्मला, आणि त्यामुळे त्याची दृष्टी सर्वस्वी भारतीय अरण्याकडे लागलेली होती. प्राण्यांच्या जाती अनुसूचींत विभागून त्याने ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती एवढी वाढवली की प्राण्याला जिवंत पकडणे, सापळ्यात अडकवणे, इतकेच नव्हे तर पक्ष्याची अंडी हलवणे हेही तिच्यात आले. कायद्याचे उल्लंघन करून धरलेला वा बाळगलेला वन्य प्राणी ही सरकारी मालमत्ता होय, अशी तरतूद त्यात आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकार आणि देशी रानपक्ष्यांचा व्यापार जवळजवळ संपूर्णपणे निषिद्ध झाला. म्हणूनच आजीचा राघू बेकायदा ठरतो. म्हणूनच वास्तुशास्त्राच्या नावाखाली हौदात सोडलेले तारांकित कासव बेकायदा ठरते. आणि म्हणूनच, गुप्तधन दाखवतो या खुळचट समजुतीपायी ज्याचे लाखांचे सौदे ठरवले जातात आणि ज्याच्या जप्तीच्या वार्ता महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत वारंवार येतात, तो बिचारा मांडूळ पोत्यात भरून नेणारा इसम गजाआड जातो. आजच्या तरतुदींप्रमाणे पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्याला किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपयांचा दंड आहे. राघूसारख्या दुसऱ्या अनुसूचीतल्या पक्ष्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कठोरपणाला हत्ती हा एक अपवाद. हत्ती पहिल्या अनुसूचीत असूनही मालकी प्रमाणपत्र असेल तर तो बाळगता येतो, कारण देवस्थाने, मठ आणि संस्थाने यांच्याशी त्याचे नाते कायदेकर्त्यांना तोडवले नाही. परंतु हे प्रमाणपत्र म्हणजे निरंकुश स्वामित्व नव्हे, ही गोष्ट महाराष्ट्राने २०२५ च्या जुलैत प्रत्यक्ष अनुभवली. शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठात तीन दशकांहून अधिक काळ राहिलेली ‘महादेवी’ अथवा ‘माधुरी’ ही हत्तीण, मुंबई उच्च न्यायालयाच्या आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार गुजरातेतील ‘वनतारा’ या प्राणिकेंद्रात हलवण्यात आली, आणि कोल्हापूर जिल्हा पेटून उठला. निरोप देताना रडणाऱ्या गावकऱ्यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि न्यायालयासमोरचा प्रश्न गावाला हत्तीण किती प्रिय आहे हा नव्हता. साखळीत, कठीण जमिनीवर, स्वजातीयांवाचून तिचे आयुष्य कसे जात होते, हा होता. आपल्या कायद्याच्या इतिहासात हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला आहे, आणि परदेशी प्राण्यांच्या बाबतीत तर तो अद्याप नीटसा विचारलाच गेलेला नाही.

कारण परदेशी प्राणी १९७२ च्या अनुसूचींत नव्हतेच. दक्षिण अमेरिकेतला इग्वाना, पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन, निळ्यापिवळ्या पिसाऱ्याचा मकाव, यांपैकी काहीही बाळगणाऱ्याला वनखाते विचारू शकत नव्हते; विचारू शकत होते ते केवळ जकात खाते, आणि तेही माल सरहद्दीवर असेपर्यंत. एकदा का पेटी विमानतळाच्या दाराबाहेर पडली की ‘हा पक्षी इथेच अंड्यातून निघाला’ या एका वाक्याने सारे प्रकरण मिटे. या फटीतून एक फार मोठा बाजार वाढला. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात मोज्यांत गुंडाळलेले साप, डब्यांत कोंबलेली कासवे आणि गुंगीतली माकडे मुंबईच्या विमानतळावर सापडल्याच्या बातम्या आता इतक्या सरावाच्या झाल्या आहेत की त्या वाचून कोणी पान उलटायचे थांबत नाही.

सरहद्दीवरील या व्यापाराला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार तसा जुना आहे. १९७३ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टन येथे त्यावर सह्या झाल्या, ‘सायटीस’ या संक्षेपाने तो ओळखला जातो, आणि भारत त्यात १९७६ पासून सामील आहे. त्याची तीन परिशिष्टे आहेत: पहिल्यात विनाशाच्या कड्यावर उभ्या असलेल्या जाती, ज्यांचा व्यापारी हेतूने व्यवहार जवळपास बंद, दुसऱ्यात नियंत्रित व्यापाराच्या, तिसऱ्यात एखाद्या देशाने स्वतःहून साहाय्य मागितलेल्या. आफ्रिकेतला करडा पोपट २०१६ सालच्या परिषदेत दुसऱ्यातून पहिल्या परिशिष्टात गेला. येथे वाचकाला एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. या कराराने जगातल्या पोपटांच्या साऱ्या जाती आपल्या कक्षेत घेतल्या, आणि फक्त चार वगळल्या: ऑस्ट्रेलियातला बजरीगर, तिथलाच कॉकटील, गुलाबी मुखाचा लव्हबर्ड, आणि चौथा आपला कंठवाला राघू! म्हणजे ज्याला पिंजऱ्यात ठेवल्याबद्दल भारतात कैद होऊ शकते, तोच जगाच्या बाजारात मुक्त आहे; आणि लंडनच्या उद्यानांत तर पिंजऱ्यांतून सुटलेल्या राघूंच्या वंशजांनी आपली वसाहतच थाटली आहे.

हा करार देशांमधल्या व्यापारापुरता. देशाच्या आत त्याचा अंमल चालवायला स्वतःचा कायदा लागतो, आणि तो करायला आपण दीर्घकाळ लावला. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने एक सूचनापत्र काढले: ज्यांच्याजवळ सायटीसच्या परिशिष्टांतले जिवंत परदेशी प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांच्या आत स्वेच्छेने ते जाहीर करावेत, म्हणजे त्यांच्याकडे मूळ दस्तऐवज मागितले जाणार नाहीत. हजारो लोकांनी अर्ज केले. जुन्या काळी दरबार ज्याप्रमाणे थकबाकीला माफी देऊन नवी खतावणी उघडत असे त्यातलाच हा प्रकार होता, आणि त्याविषयी माझे मत संमिश्र आहे. त्यावाचून नोंदींचा आरंभच झाला नसता हे खरे. परंतु चोरवाटेने आलेला प्राणी एका अर्जाने सोज्वळ ठरला, हेही तितकेच खरे.

पुढे २०२२ साली अधिनियमात विस्तृत दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या. पहिल्या दोन देशातील प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, आणि चौथी सायटीसच्या परिशिष्टांतल्या जातींची. अशा रीतीने मकाव आणि इग्वाना हे प्रथमच भारतीय वनकायद्याच्या दफ्तरात दाखल झाले. त्यांच्या नोंदणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. त्यांनुसार चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याने सहा महिन्यांच्या मुदतीत, आणि त्यानंतर प्राणी मिळवणाऱ्याने ताबा आल्यापासून तीस दिवसांत, ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे अर्ज करायचा. प्राण्याचा जन्म, मृत्यू, हस्तांतर, सारे कळवायचे. आणि पैदास करणाऱ्याने निराळा परवाना घ्यायचा. याखेरीज, परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार व बाळगणे यांवर बंदी घालण्याचा अधिकारही या दुरुस्तीने केंद्र सरकारला दिला आहे.

ही प्रगती निःसंशय मोठी. परंतु नीट पाहिले तर नव्या तरतुदींनीही एकच गोष्ट विचारली आहे: हा प्राणी आला कोठून आणि सध्या कोणाजवळ आहे? दुसऱ्या अनेक देशांच्या कायद्यांना याहून निराळ्या गोष्टी विचाराव्या लागल्या, आणि त्या बहुतेक कटू अनुभवांनंतर.

इंग्लंडमध्ये १९६९ साली लंडनच्या हॅरॉड्स या प्रतिष्ठित दुकानातून सिंहाचा छावा विकत मिळत होता. दोघा तरुणांनी तो घेतला आणि चेल्सी भागातल्या फर्निचरच्या दुकानात वाढवला. पुढे त्याला केनियात नेऊन रानात सोडण्यात आले, ती कथा लोकप्रिय झाली. पण लोकप्रिय न झालेल्या अशा किती कथा असतील! १९७६ साली तिथल्या संसदेने धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा केला. यादीतला प्राणी बाळगायचा तर स्थानिक कौन्सिलचा परवाना हवा, पशुवैद्याने जागा तपासलेली हवी, आणि इतरांना होणाऱ्या इजेबद्दल विमा उतरवलेला हवा. विम्याची ही अट मला विशेष मार्मिक वाटते. शौक एकाचा आणि जोखीम सगळ्या आळीची, हे त्या कायद्याने ओळखले.

अमेरिकेतील ओहायो संस्थानाला मात्र ही जाण रक्तपातातून आली. १८ ऑक्टोबर २०११ रोजी झेन्सव्हिल गावाजवळच्या एका खासगी संग्राहकाने आपल्या ५६ प्राण्यांपैकी बहुतेकांचे पिंजरे उघडले आणि स्वतःवर गोळी झाडून घेतली. रात्र पडत आलेली, जवळ वस्ती, गुंगीच्या औषधांचा नेम अंधारात धरता येईना; पोलिसांनी एकामागून एक प्राणी गोळ्या घालून मारले. मृतांत १८ वाघ आणि १७ सिंह होते. रानातल्या वाघांची जगभरची संख्या तेव्हा जेमतेम काही हजारांत होती. असे प्राणी बाळगण्यासाठी परवानगी लागत नाही, अशी त्या संस्थानाची स्थिती त्या दिवसापर्यंत होती. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला, आणि साऱ्या अमेरिकेत मोठ्या मार्जारवर्गीयांच्या खासगी पालनावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा २०२२ च्या डिसेंबरात आला.

धोका नेहमी दातानखांचाच असतो असे नाही. फ्लॉरिडाच्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मदेशी अजगर, काही मालकांनी कंटाळून सोडलेले आणि काही सुटलेले, असे वाढले की २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. त्याच वर्षी या अजगराची आयात बंद झाली. अजगर मात्र आजही तिथेच आहेत. छोट्या कासवांची कथा याहून लहान पण आपल्या अधिक जवळची. चार इंचांहून लहान कासवे विकण्यास अमेरिकेने १९७५ सालीच मनाई केली, कारण ती तोंडात घालणाऱ्या मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होत होता. त्यांतले लाल कानपट्टीचे, जन्मतः नाण्याएवढे दिसणारे कासव आपल्याकडे काचेच्या टाकीसह विकले जाते. ते ताटाएवढे होऊन तीसचाळीस वर्षे जगते हे दुकानदार सांगत नाही, आणि टाकी अपुरी पडू लागली की मालक त्याला गावच्या तळ्यात ‘मुक्त’ करून पुण्य जोडतो. तळ्यातल्या देशी कासवांच्या अन्नावर आणि उन्हात बसण्याच्या जागांवर हा नवा भागीदार मग हक्क सांगू लागतो.

बेल्जियमने या सर्व वादाची दिशाच उलटी केली. तिथल्या २००१ च्या राजाज्ञेने निषिद्ध प्राण्यांची यादी करण्याऐवजी अनुज्ञात प्राण्यांची केली: अमुक ४२ जातींचे सस्तन प्राणी घरी पाळता येतील, बाकी सारे निषिद्ध. व्यापाऱ्यांनी दाद मागितली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले, आणि २००८ साली न्यायालयाने सांगितले की यादीचे निकष वस्तुनिष्ठ असतील, तीत एखादी जात घालण्यासाठी अर्ज करता येत असेल आणि नकाराविरुद्ध दाद मागता येत असेल, तर अशी यादी करण्यास हरकत नाही. हॉलंडनेही तीच वाट धरली असून १ जुलै २०२४ पासून तिथल्या यादीत सस्तन प्राण्यांच्या केवळ ३० जाती आहेत. निषिद्धांच्या यादीत व्यापार नेहमी कायद्याच्या एक पाऊल पुढे राहतो. एका जातीवर बंदी आली की तो दुसरी शोधतो. अनुज्ञातांच्या यादीत सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर पडतो.

आपल्या नव्या कायद्यातली पोकळी नेमकी येथे दिसते. शुगर ग्लायडर हा ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीतला, झाडांवरून तरंगत जाणारा, कळपात राहणारा निशाचर प्राणी आपल्या शहरांत खिशात मावणारे खेळणे म्हणून विकला जातो. तो सायटीसच्या परिशिष्टांत नाही. म्हणून चौथ्या अनुसूचीत नाही. म्हणून नोंदणी नाही. सगळ्या घरातले दिवे मालवल्यावर जो जागा होतो, त्याला एकट्याला पिंजऱ्यात ठेवावे की नाही, याचा विचार कोणत्याच कलमात आढळत नाही.

पैदास करणाऱ्यांचे म्हणणे ऐकून न घेता निकाल देणे अन्यायाचे होईल. पिंजऱ्यातच पिढ्यानुपिढ्या जन्मलेल्या पक्ष्याने रानाचे काय नुकसान होते, असे ते विचारतात, आणि बजरीगरापुरता त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. प्राण्यांवरचे प्रेम सहवासातूनच उत्पन्न होते आणि कायदा त्या प्रेमालाच गुन्हेगार ठरवतो, असेही म्हटले जाते. अमेठी जिल्ह्यातल्या एका तरुणाने जखमी सारस बरा केला, तो पक्षी त्याच्या मोटारसायकलीमागे उडू लागला, आणि २०२३ साली वनखात्याने पक्षी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात व तरुणावर गुन्हा अशी वाटणी केली, तेव्हा देशभर हळहळ झाली. त्या प्रकरणी कायद्याचा हात अधिक हलका पडायला हवा होता, असे मलाही वाटते. परंतु सारसाने तरुणाला निवडले होते. बँकॉकच्या पेटीत कोंबलेल्या माकडाने कोणाला निवडलेले नसते. अंमलबजावणीची अडचणही खरी आहे: मकावच्या दोन जातींतला भेद ओळखणारे किती वनरक्षक आहेत, आणि जप्त केलेले शेकडो साप ठेवायचे कुठे? ती अडचण मात्र छोट्या, स्पष्ट यादीने कमीच होईल, वाढणार नाही.

म्हणून माझा अभिप्राय असा की नोंदणीवर न थांबता भारतानेही अनुज्ञात जातींची यादी करावी, तीत जे नाही ते बाजारात नाही असे ठरवावे, आणि ज्यांच्याजवळ आज असे प्राणी आहेत त्यांना ते मरेपर्यंत सांभाळण्याची मुभा देऊन पैदास मात्र थांबवावी. तोवर वाचकांना एवढीच विनंती की परदेशी प्राणी घेण्याचे मनात आलेच, तर विक्रेत्याकडे आधी नोंदणीचे व परवान्याचे कागद मागावेत, आणि ते दाखवण्यास तो कां-कूं करू लागला तर रिकाम्या हाताने परतावे. आणि ज्यांच्या घरी नकोसा झालेला अजगर वा ताटाएवढे झालेले कासव आधीच आहे, त्यांनी ते तळ्यात किंवा टेकडीवर न सोडता महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे.